दोन चौरस फुटांचे कुरण

दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी काचेची पेटी घरात आणून ठेवणारा मनुष्य आरंभी माशांचाच विचार करीत असतो. वनस्पतींचा विचार त्याच्या मनात शिरतो तो पहिला उत्साह ओसरल्यावर, जेव्हा तळाशी पसरलेली निळी-तांबडी खडी, प्लास्टिकची दोन झाडे आणि बुडबुडे सोडणारा प्लास्टिकचाच पाणबुड्या यांच्याकडे पाहून आपण जलाशय नव्हे तर जत्रेतले दुकान मांडून बसलो आहोत अशी शंका त्याला येऊ लागते.

याच सुमारास एखादे छायाचित्र त्याच्या दृष्टीस पडते. खडकांच्या पायथ्याशी दाट कोवळी हिरवळ आणि तिच्यावरून तरंगत जाणारे नखाएवढे मासे. मध्ये पाणी आहे हे सांगितल्याविना कळू नये, इतके ते दृश्य श्रावणातल्या एखाद्या कातळसड्यासारखे भासते. या चित्रांचा उगम शोधू गेल्यास तो जपानातील नीगाता येथे, ताकाशी अमानो (१९५४–२०१५) या छायाचित्रकारापाशी सापडतो. १९८२ साली त्याने पाणवनस्पतींच्या साहित्याची स्वतःची कंपनी काढली आणि पुढच्या दशकात त्याच्या चित्रग्रंथांनी जगभरच्या छांदिष्टांना वेड लावले. तोवर काचपेटीत वनस्पतीचा दर्जा हुजऱ्याचा होता. लंडनमध्ये १८५० च्या सुमारास रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने मासे, गोगलगाई आणि व्हॅलिस्नेरिया यांना एकाच पात्रात नांदवून दाखवले, तेव्हाही त्या बिचाऱ्या व्हॅलिस्नेरियाची नेमणूक प्राणवायू पुरवण्याच्या कामावरच झालेली होती. अमानोने हा मानपान उलटा केला. पाण्यावर तरंगणाऱ्या रिक्सियाला दगडांना बांधून त्याने तळाशी बसवले, ग्लॉसोस्टिग्माची कुरणे पसरली, आणि मासे त्या कुरणावरचे पाखरांचे थवे झाले. छंदातील मंडळी या तळच्या हिरवळीला 'कार्पेट' म्हणतात. आपल्याला गालिचा म्हणायलाही हरकत नाही.

चित्रात जे दिसत नाही त्याची यादी मात्र मोठी असते. पेटीवर टांगलेला प्रखर दिवा, टेबलाखाली दडवलेले कार्बन डायॉक्साइडचे नळकांडे, वरचेवर पाणी बदलणारे आणि कात्रीने पान-पान सारखे करणारे हात, हा सारा सरंजाम चौकटीबाहेर राहतो आणि चौकटीतील हिरवळीला भुलून आपण दुकान गाठतो. मीही गाठले. 'क्यूबा' या नावाने विकली जाणारी, मोहरीच्या दाण्याहून थोड्याच मोठ्या पानांची हेमिअँथस मी प्लास्टिकच्या वाटीतून घरी आणली, तो महिना एप्रिलचा होता. "काही करावं लागत नाही, साहेब, नुसती लावून टाका," असा निर्वाळा दुकानदाराने दिला होता. तिसऱ्या आठवड्यात तिची अर्धी पाने पिवळी पडून विरघळली आणि उरलेली मुळांसकट वर येऊन फिल्टरच्या तोंडाशी अडकली. दुकानदाराने खोटी साक्ष दिली असे मला वाटत नाही; त्याच्याकडे ती वनस्पती चार दिवसांहून अधिक कधी राहिलीच नसेल, आणि चार दिवसांत तिला खरोखरच काही करावे लागत नसणार.

या फजितीनंतर ध्यानात आले ते असे की, 'सोपी वनस्पती' हा शब्दप्रयोग अर्धवट आहे. कोणाच्या पाण्यात सोपी, कोणत्या दिव्याखाली सोपी, कोणत्या महिन्यात आणि किती उतावळ्या मालकाच्या हाती सोपी, हे पुढे जोडल्याखेरीज त्या विशेषणाला काही अर्थ येत नाही. आणि ही चौकशी वाटी विकत घेण्यापूर्वी करायची असते, तर आपण ती फिल्टर साफ करताना करतो.

चौकशीतले पहिले कलम वनस्पतीच्या मूळ वतनाचे. हिरवळीसाठी विकल्या जाणाऱ्या जातींपैकी बहुतेक सदासर्वकाळ पाण्यात राहणाऱ्या नव्हेतच. नदीकाठचा चिखल, ओसरत्या तळ्याची कड, पावसाळ्यात बुडणारी आणि उन्हाळ्यात उघडी पडणारी दलदल हे त्यांचे वतन. आणि रोपवाटिकेतही त्यांना बहुधा दमट हवेतच वाढवतात, कारण तेथे त्या जोमाने वाढतात. हवेत कार्बन डायॉक्साइड मुबलक मिळतो. पाण्यात तोच वायू हवेपेक्षा सुमारे दहा हजार पटींनी सावकाश पसरतो, आणि बाहेरून पुरवठा नसलेल्या पेटीत तो लिटरमागे एखाद्या मिलिग्रॅमच्या आतबाहेरच असतो. चित्रांतल्या पेट्यांमध्ये हेच प्रमाण नळकांड्याच्या जोरावर वीस-तीस मिलिग्रॅमपर्यंत चढवलेले असते. वनस्पतीच्या दृष्टीने हा बदल भरल्या घरातून दुष्काळी तालुक्यात बदली होण्यासारखा आहे. काही जाती या बदलीवर हजर होतात, काही रजा टाकतात, आणि क्यूबा सरळ राजीनामा देते.

दुसरे कलम प्रकाशाचे. गालिचा पसरायचा तो तळाशी, म्हणजे दिव्यापासून पेटीत जी जागा सर्वांत दूर, नेमकी तेथे. नवरात्रात देवघराच्या अंधुक कोपऱ्यात घटाभोवतीचे धान जसे पिवळसर, उंच आणि किरकोळ वाढते, तशीच ही सरपटणारी रोपे उजेड कमी पडला की जमीन सोडून माना वर करतात, आणि मान वर केलेल्या रोपांचा गालिचा होत नाही. सुदैवाने एक फूट उंचीची पेटी या बाबतीत दयाळू असते. दोन फुटी पेटीत सुमारे छप्पन्न लिटर पाणी मावते. लिटरमागे वीस ल्युमेन हा छांदिष्टांचा ठोकताळा धरला तर दहा-पंधरा वॅटचा चांगला एलईडी दिवा सोशिक जातींना पुरतो. दोन फूट उंचीची पेटी घेणाऱ्याने मात्र तळाच्या हिरवळीचा नाद सोडून उंच वाढणाऱ्या झाडांकडे वळावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिसरे कलम पाण्याचे, आणि हे आपल्याकडे विशेष महत्त्वाचे. तानसा-भातशाच्या तलावांतून मुंबईकराच्या नळाला येणारे पाणी मृदू असते. तेच दख्खनच्या बसाल्ट खडकात खोल विंधलेल्या कूपनलिकेचे पाणी बहुधा जड, किटलीच्या बुडाशी पांढरा थर धरणारे असते. मृदू पाण्याच्या वनस्पतीला कूपनलिकेचे पाणी आणि जड पाण्याच्या वनस्पतीला तलावाचे पाणी देऊन दोघींना कष्टी करण्यात काही शहाणपण नाही. नळाच्या पाण्यातला क्लोरीन उघड्या बादलीत रात्रभर ठेवल्याने बराचसा उडून जातो. पाणी घाईचे असेल तर दुकानात त्यासाठी थेंब मिळतात. आणि चौथी गोष्ट उष्म्याची, जिचा विचार परदेशी पुस्तकांत उलट्या बाजूने केलेला असतो. तेथे पाणी गरम कसे ठेवावे याची चिंता, येथे एप्रिल-मे महिन्यांत पेटीतील पाणी तिशीच्या वर चढते आणि थंड पाण्यात रमणाऱ्या नाजूक जाती तेथेच हाय खातात. पाण्याच्या पृष्ठभागावर वारा घालणारा एखादा लहान पंखा बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरवून देतो. मात्र रोज तांब्याभर पाणी भरून काढावे लागते.

इतका जाबजबाब झाल्यावर माझी पहिली शिफारस मार्सिलिया हिरसूटाची. ही ऑस्ट्रेलियातील, जातीने नेचा, पण रूपाने थेट आपल्या अंगणातली आंबुशी, फरक एवढाच की आंबुशीचे पान त्रिदल आणि हिचे चतुर्दल. हिची भावंडे आपल्या भातखाचरांत आणि तळ्यांच्या काठीही आढळतात. आयुर्वेदाच्या ग्रंथांत शाकवर्गात येणारे सुनिषण्णक ते यांपैकीच एक, असे जाणकार मानतात, आणि बंगालात तिची भाजी आजही खातात. ऑस्ट्रेलियातल्या दुसऱ्या एका मार्सिलियाचे नाव नार्डू. तिच्या बीजाणुकोशांचे पीठ तेथील मूळ रहिवासी विशिष्ट रीतीने सिद्ध करून खात. १८६१ साली बर्क आणि विल्स हे गोरे प्रवासी वाळवंटाच्या कडेला अडकून पडले असता ती रीत नीट न जाणता तेच पीठ खात राहिले, आणि पोट भरत असूनही खंगत जाऊन मेले. त्या पिठातील एक द्रव्य शरीरातील ब१ जीवनसत्त्वाचा नाश करते आणि त्याचाच हा परिणाम असावा, असे पुढील संशोधकांचे मत पडले. असो, आपल्याला मार्सिलिया खायची नाही, लावायची आहे. पाण्याखाली ती आपली चार दले बहुधा मोडीत काढते आणि बारीक देठावर एकच गोलसर पान धरते, कधी दोन, कधी तीन. जमिनीखालून तिचे खोड चालत राहते आणि ठिकठिकाणी डोके वर काढते. वायूचे नळकांडे तिला लागत नाही, मध्यम उजेड पुरतो, उन्हाळा ती सोसते आणि कात्रीचे काम जवळजवळ पडतच नाही. दोष एकच, तो म्हणजे संथपणा. पहिले दोन-तीन महिने ती काहीच करीत नाही असे वाटते, आणि याच मुदतीत बहुतेक लोक तिला उपटून टाकतात.

ज्याच्या अंगी इतका धीर नाही आणि ज्याच्या घरी कूपनलिकेचे जड पाणी आहे, त्याने सॅजिटेरिया सब्युलाटा लावावी. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची, किंचित खाऱ्या पाण्यातही तग धरणारी, गवतासारख्या अरुंद पट्ट्यांची ही वनस्पती एकदा रुजली की जमिनीलगत धुमारा सोडते, त्याच्या टोकाशी नवे रोप उभे राहते, ते रोप आपला धुमारा सोडते, आणि सहा रोपांनी आरंभलेली वहिवाट तीन-चार महिन्यांत साऱ्या मौजाभर पसरते. हद्द ओलांडली की ओढून काढावी. तिला राग येत नाही. उजेड कमी असेल तर मात्र तिची पाने वीतभर आणि क्वचित त्याहूनही उंच होतात, म्हणून लहान पेटीत तिला अगदी पुढे न बसवता मध्यभागी जागा द्यावी.

तिसरी क्रिप्टोकोरायनी पार्वा, श्रीलंकेची. हिच्या नावातील पार्वा या लॅटिन शब्दाचा अर्थच 'लहान', आणि आपल्या वंशातील ती सर्वांत ठेंगणी आहे. हा वंश अळू-सुरणाच्या कुळातला. याच वंशातील काही जाती सह्याद्रीतल्या ओढ्यांच्या आणि नद्यांच्या पात्रांतही वाढतात. पार्वाची पाने दोन-तीन इंचांची, गर्द हिरवी आणि घट्ट असतात. ती मार्सिलियाहूनही संथ आहे, इतकी की तिचा गालिचा विणण्याची भाषा करू नये, तो विकत घ्यावा: पंधरा-वीस रोपे जवळजवळ लावून टाकावीत आणि पुढचे वर्षभर त्याच रोपांवर समाधान मानावे. खर्च होतो खरा, पण एकदाच. या वंशाची एक खोड ठाऊक असलेली बरी. जागा बदलली की तिची पाने दोन-चार दिवसांत गळून लगदा होतात. छंदात याला झाड 'मेल्ट झाले' म्हणतात. नवखा मनुष्य रोप मेले समजून फेकून देतो. वास्तविक मुळे जिवंत असतात आणि काही आठवड्यांत नव्या पाण्याला मानवणारी नवी पाने फुटतात. गळालेली पाने तेवढी उचलावीत आणि मुळांना हात लावू नये.

आणि ज्याला मातीचा, खताचा, मुळांचा कसलाच उपद्व्याप नको असेल त्याच्यासाठी जावा मॉस. याला मुळेच नसल्याने तळाशी काय घातले आहे याच्याशी त्याला कर्तव्य नाही. पोलादाच्या न गंजणाऱ्या जाळीचे तळहाताएवढे तुकडे कापावेत, दोन जाळ्यांमध्ये मॉसचा पातळ थर दाबून दोऱ्याने शिवावा, आणि फरशी बसवावी तसे ते तुकडे तळावर मांडावेत. दोन महिन्यांत जाळी झाकली जाते. मंद उजेडातही हा गालिचा तगतो. माशांची विष्ठा आणि कचरा मात्र त्यात अडकतो, म्हणून महिन्यातून एकदा तुकडा उचलून बादलीत झटकावा. सतरंजी झटकण्याइतकेच हे सोपे आहे, आणि भाडोत्री घर बदलताना सतरंजीसारखाच तो गुंडाळूनही नेता येतो.

उरलेल्यांचा परामर्श थोडक्यात घेतो. 'हेअरग्रास' म्हणून मिळणारी एलिओकॅरिस ही लव्हाळ्याच्या कुळातली. मातकट, सकस तळ आणि बरा उजेड असेल तर वायूविनाही ती पसरते, पण तिच्या केसांत शेवाळ एकदा शिरले की निघत नाही. 'मॉन्टे कार्लो' हे नाव ऐकून जुगाराचे शहर आठवेल, पण ही अर्जेंटिनातील मिसिओनेस प्रांतातल्या त्याच नावाच्या गावची. क्यूबेपेक्षा ती पुष्कळ सोशिक आहे, तरी तिला सोपी म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. गवतासारखी यूट्रिक्युलेरिया ग्रॅमिनिफोलिया मोहक असते, आणि कासच्या पठारावर पावसाळ्यात दिसणाऱ्या सीतेच्या आसवांची ती सख्खी बहीण आहे. बारीक पिशव्या बाळगून सूक्ष्म जीव पकडणारी ही कीटकभक्षी वनस्पती निकस, मृदू पाण्याची सवय असलेली असल्याने खताळ तळात कुजते. येथे एक ताकीद देऊन ठेवतो: बहीण आहे म्हणून कोणी सड्यावर जाऊन वाटीभर आसवे खणून आणू नयेत. २०१२ साली जागतिक वारसा म्हणून नोंदलेल्या पश्चिम घाटाचा तो भाग आहे हे कारण तर आहेच, पण नसते तरी ती वनस्पती आपल्या पेटीत आठ दिवसही जगणार नाही.

लागवडीचे काम सांगण्यासारखे आहे, कारण बहुतेक अपयश येथेच पदरी पडते. तळाशी एक ते तीन मिलिमीटरची बारीक खडी, पुढे एक-दीड इंच आणि मागे अडीच-तीन इंच अशा उताराने पसरावी. दोन फुटी पेटीला सुमारे नऊ लिटर, म्हणजे तेरा-चौदा किलो खडी लागते. रंगीत खडी मुळीच नको, आणि समुद्राची वाळूही नको. तिच्यातील शिंपल्यांचा चुना पाणी जड करीत राहतो. खडी निकस असल्याने मुळांपाशी खताच्या गोळ्या पुराव्यात. रोपे वाटीत मिळतात, तेव्हा वाटीतला चिकट रस धुऊन काढून त्यांचे नखाएवढे पुंजके करावेत आणि लांब चिमट्याने तीन-तीन सेंटिमीटरवर तिरपे खुपसावेत. संपूर्ण तळ भरायचा म्हटले तर साधारण दोनशे पुंजके होतात. पाठ भरून येते. म्हणून, आणि दुसऱ्याही एका कारणाने, मी पुढचा अर्धाच भाग लावतो. काठोकाठ हिरवळ भरलेला तळ बिलियर्डच्या टेबलासारखा दिसतो. मध्ये एक रेतीची वाट मोकळी सोडली तर नजरेला चालायला जागा राहते. लावताना पेटीत पाणी अगदी थोडे असावे, आणि नंतर पाणी भरताना तळाशी बशी ठेवून तिच्यावर धार सोडावी. ही बशीची युक्ती न करता अर्ध्या तासाचे श्रम अर्ध्या मिनिटात तरंगत वर आलेले मी पाहिले आहेत.

त्यानंतरचा पहिला महिना शेवाळाचा. रोपे अजून बसलेली नसतात, खत कोणी खात नसते, आणि दिवा मात्र आपण कौतुकाने रात्री अकरापर्यंत चालू ठेवतो. दिवा सहा तासांवर आणावा, आणि टाइमर बसवून त्याचे कारभारीपण यंत्राकडे द्यावे. महिन्याने आठ तासांपर्यंत वाढवावे. आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलावे. साखर आणि यीस्ट यांच्या बाटलीतून घरगुती वायू सोडण्याचा प्रयोग अनेकजण करतात. माझा अनुभव असा की त्या बाटलीचा अंमल पहिल्या आठवड्यात जुलमी आणि तिसऱ्यात नाममात्र असतो, आणि या चढउताराचा लाभ वनस्पतीपेक्षा शेवाळालाच अधिक होतो. वर सांगितलेल्या चारही जातींना तिची गरज नाही.

माशांविषयी एकच इशारा पुरे. गोल्डफिश आणि हिरवळ एकत्र नांदत नाहीत. तो खडी तोंडात घेऊन थुंकणारा, उकरणारा प्राणी आहे. गप्पी, निऑन टेट्रा, आपल्या ओढ्यांतला झेब्रा मासा आणि थोडी लाल कोळंबी एवढी रयत या कुरणाला झेपते.

वर्षाअखेर छाटलेल्या आणि ओढून काढलेल्या रोपांचा ढीग निघतो. तो नदीत किंवा तळ्यात सोडण्याचा मोह होतो, विशेषतः ज्यांना झाड फेकवत नाही त्यांना. दक्षिण अमेरिकेतून शोभेसाठी आलेल्या जलपर्णीने आपल्या नद्यांची आणि तलावांची काय दशा केली आहे हे पुलावरून जाणाऱ्या कोणालाही दिसते. तेव्हा हा ढीग उन्हात खडखडीत वाळवून कुंडीत टाकावा.

माझ्या पेटीतील मार्सिलियाला आता आठ महिने झाले. लावणीच्या वेळी उरलेले तीन पुंजके मी गच्चीत एका पसरट थाळीत, चिखलात खोचून ठेवले होते. तेथे तिने आपली चारही दले उघडली आहेत आणि संध्याकाळी ती मिटूनही घेते; पेटीत मात्र अजून एकेरी पानांवरच आहे. दोन्ही एकच वनस्पती आहे यावर माझ्या नातीचा विश्वास बसेना. "आजोबा, ही आंबुशी आहे, तुम्ही फसलात," असे तिने मला ठणकावून सांगितले, आणि खातरजमा करण्यासाठी मागच्या महिन्यात पेटीतला एक धुमारा चिमट्याने काढून स्वतः थाळीत लावला. नवे पान किती दलांचे आले याची नोंद ती कॅलेंडरावर करीत असते. काल संध्याकाळपर्यंत दोन झाली होती.